बारा तासांचा हुकूम, सात दिवसांची झुंज

25 ऑगस्ट 1939 रोजी ‘श्लेस्विग-होल्श्टाइन’ ही जर्मन युद्धनौका ग्दान्स्कच्या बंदरात शिरली. नौका तशी म्हातारी. 1908 साली नौदलात दाखल झालेली, पहिल्या महायुद्धात जटलंडच्या सागरी लढाईत उतरलेली आणि अलीकडे शिकाऊ खलाशांना तयार करण्यापुरती उरलेली. 1914 साली नष्ट झालेल्या ‘माग्देबुर्ग’ या क्रूझरवरील मृतांना मानवंदना देण्यासाठी ही सदिच्छा भेट आहे, असे जर्मनीने जाहीर केले होते. डेकखाली मात्र सव्वादोनशेच्या आसपास सैनिकांची हल्लेखोर तुकडी लपवलेली होती. नौकेवर 280 मिलिमीटरच्या चार तोफा होत्या, आणि ज्या लक्ष्यासाठी ती आली होती ते अगदी टप्प्यात होते. बंदराच्या तोंडाशी असलेले चिंचोळे, झाडीने भरलेले द्वीपकल्प. त्याचे नाव वेस्टरप्लाटे.

हल्ला दुसऱ्याच दिवशी पहाटे व्हायचा होता. पण 25 तारखेलाच ब्रिटन आणि पोलंड यांच्यात परस्पर साहाय्याचा करार झाला, इकडे मुसोलिनीने आपण युद्धाला तयार नसल्याचे कळवले, आणि हिटलरने ऐन वेळी हुकूम मागे घेतला. नौका तिथेच थांबली. समोरच्या पोलिश शिबंदीने पुढचे सहा दिवस त्या तोफांकडे पाहत काढले.

वादातले ठाणे

पोलंड 123 वर्षे नकाशावरून पुसला गेला होता. पहिल्या महायुद्धानंतर तो पुन्हा उभा राहिला, तेव्हा त्याला समुद्राकडे जाणारी वाट हवी होती. ग्दान्स्क, म्हणजे जर्मनांचे डान्झिग, हे त्या किनाऱ्यावरचे मोठे बंदर. पण वस्ती बहुतांशी जर्मन. व्हर्सायच्या तहाने तोडगा काढला आणि 1920 मध्ये हे शहर कोणत्याच देशाला न देता राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचे ‘मुक्त शहर’ झाले. बंदर वापरण्याचा हक्क पोलंडला मिळाला.

कागदावरचा हा हक्क किती कच्चा आहे, हे त्याच वर्षी कळले. सोव्हिएत फौजा वॉर्सॉच्या वेशीवर असताना ग्दान्स्कच्या गोदी कामगारांनी पोलंडसाठी आलेला दारूगोळा उतरवायला नकार दिला. दारूगोळ्यासाठी स्वतःची जागा असायलाच हवी, हा धडा पोलंडने घेतला. 1924 मध्ये राष्ट्रसंघाने वेस्टरप्लाटेवर लष्करी कोठार ठेवण्याची परवानगी दिली. एके काळी समुद्रस्नानासाठी लोक येत असलेल्या या जागेवर 1926 च्या जानेवारीत पोलिश सैनिक उतरले. अटी दोन होत्या: शिबंदी 88 जणांची आणि तटबंदी अजिबात नाही.

1933 च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला आणि त्या अटींवर विसंबून राहणे कठीण झाले. मार्चमध्ये पोलंडचे सर्वेसर्वा मार्शल पिउसुद्स्की यांनी ‘विलिया’ या जहाजातून शंभरावर जादा सैनिक वेस्टरप्लाटेवर उतरवले. राष्ट्रसंघात ओरड झाली आणि ते सैनिक माघारी बोलवावे लागले. पण पोलंड हे ठाणे सोडणार नाही, हा निरोप बर्लिनला पोहोचला. त्यानंतर बांधकामे सुरू झाली. बाहेरून साधी पहारेघरे वाटावीत अशा पाच चौक्या झाडीत उभ्या राहिल्या. त्यांची तळघरे काँक्रीटची होती आणि जमिनीलगत मशीनगनसाठी झरोके ठेवले होते. चौक्यांच्या जागा अशा नेमल्या होत्या की एकीच्या माऱ्यातून सुटलेला शत्रू दुसरीच्या माऱ्यात सापडावा. मधल्या नव्या बराकीच्या तळघरातही तशीच सोय होती. 1939 च्या उन्हाळ्यात साध्या वेशात, थोडे थोडे करून, आणखी सैनिक आत आणले गेले. मुलकी कर्मचारी धरून शिबंदी दोनशेच्या घरात गेली. शस्त्रे म्हणाल तर 75 मिलिमीटरची एक मैदानी तोफ, दोन रणगाडाविरोधी तोफा, चार उखळी तोफा आणि चाळीसच्या आसपास मशीनगन.

ठाण्याचे प्रमुख होते मेजर हेन्रिक सुखार्स्की. 1898 साली दक्षिण पोलंडमधल्या खेड्यात, साध्या घरात जन्मलेले. सोव्हिएतांविरुद्धच्या 1920 च्या युद्धातल्या पराक्रमासाठी त्यांना ‘विर्तुती मिलितारी’ हा पोलंडचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला होता. त्यांचे दुय्यम कॅप्टन फ्रान्चिशेक डोम्ब्रोव्स्की 1904 साली बुडापेस्टमध्ये, सेनाधिकाऱ्याच्या घरात जन्मले होते. वयाने लहान, स्वभावाने तडफदार. या दोघांमध्ये पुढच्या आठवड्यात जे घडले, त्यावर पोलंडमध्ये आजही वाद होतो.

हुकूम स्पष्ट होता. हल्ला झालाच तर बारा तास तग धरायचा. तोवर बाहेरून कुमक येईल. पण ग्दान्स्कमध्ये घुसण्यासाठी राखून ठेवलेले खास पोलिश सैन्यदल 31 ऑगस्टला मोडून दुसरीकडे वळवण्यात आले. त्याच दिवशी ग्दान्स्कमधल्या पोलिश कचेरीचे लेफ्टनंट कर्नल सोबोचिन्स्की वेस्टरप्लाटेवर येऊन गेले. कुमक येणार नाही हे त्यांनी सुखार्स्कींच्या कानावर घातले, असे बहुतेक इतिहासकार मानतात. शिबंदीला ते सांगितले गेले नाही.

पहिला दिवस

1 सप्टेंबरच्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास ‘श्लेस्विग-होल्श्टाइन’चे कप्तान गुस्ताव क्लाइकाम्प यांनी मारा सुरू करण्याचा हुकूम दिला. त्याच पहाटे पोलंडच्या आत वेलून्य या गावावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. दुसऱ्या महायुद्धाचा पहिला गोळा कोणता, याची चर्चा या दोन ठिकाणांभोवती फिरते. वेस्टरप्लाटेच्या पहिल्या बळींमध्ये रेल्वे स्थानकाचे प्रमुख व्होइचेख नायसारेक होते.

नौकेच्या तोफांनी आग्नेयेकडची विटांची भिंत फोडली आणि लेफ्टनंट विल्हेल्म हेनिंगसेन यांची तुकडी आत शिरली. काही मिनिटांत काम फत्ते होईल, अशी जर्मनांची समजूत होती. पडलेल्या झाडांमधून, तारांच्या कुंपणामधून ते पुढे सरकले आणि तिन्ही बाजूंच्या मशीनगनच्या माऱ्यात सापडले. लेफ्टनंट लेऑन पायोंक यांचे ‘प्रोम’ हे मोर्चाचे ठिकाण या हल्ल्याच्या तोंडावरच होते. जर्मन मागे हटले. मग आणखी गोळाफेक झाली, नऊच्या सुमारास दुसरा हल्ला आला, आणि दुपारपर्यंत तोही मोडला. हेनिंगसेन जबर जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावले. इकडे पायोंकही गंभीर जखमी झाले. पोलिशांची एकुलती एक मैदानी तोफ कॉर्पोरल एऊगेन्युश ग्राबोव्स्की यांनी चालवली. 28 गोळे डागून झाल्यावर ती शत्रूच्या माऱ्यात निकामी झाली.

शहरात त्याच दिवशी दुसरी लढाई चालू होती. पोलिश टपाल कचेरीतले पन्नासएक कर्मचारी इमारतीत कोंडून घेऊन पोलिसांशी आणि एसएसच्या माणसांशी लढले. संध्याकाळी जर्मनांनी तळघरात पेट्रोल सोडून पेटवले, तेव्हा ते बाहेर आले. त्यांतल्या 38 जणांना ऑक्टोबरमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. गणवेशातल्या सैनिकाला युद्धकैद्याचा दर्जा तरी मिळतो. टपालखात्याच्या माणसांना तोही नाकारला गेला. वेस्टरप्लाटेच्या शरणागतीविषयी मत बनवताना ही घटना नजरेआड करता येत नाही.

संध्याकाळी पावणेपाच वाजले. बारा तास पुरे झाले. ठाणे उभे होते, मृतांचा आकडा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतका होता आणि कुमकेचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ

2 सप्टेंबरला संध्याकाळी सहानंतर सुमारे 60 ‘श्टुका’ बॉम्बफेकी विमाने दोन लाटांमध्ये वेस्टरप्लाटेवर आली. अर्ध्या-पाऊण तासात 26 टनांहून अधिक बॉम्ब त्या चिमुकल्या जागेवर पडले. पाच नंबरच्या चौकीवर थेट आघात झाला. ती कोसळली आणि आतली माणसे तिच्याखाली गाडली गेली. उखळी तोफा गेल्या, टेलिफोनच्या तारा तुटल्या, स्वयंपाकघर आणि अन्नसाठा उद्ध्वस्त झाला. धूर आणि मातीच्या लोटात आपल्याखेरीज कोणी उरले आहे का, हेही चौक्यांमधल्या माणसांना कळत नव्हते. त्याच वेळी जर्मन पायदळ आत शिरले असते, तर लढाई कदाचित तिथेच संपली असती. ते आले नाही.

त्या संध्याकाळी बराकीच्या तळघरात काय झाले, याच्या हकिकती परस्परांशी जुळत नाहीत. सुखार्स्कींनी गुप्त संकेतांचे कागद जाळायला सांगितले, एवढे नक्की. त्यांनी शरणागतीचा निर्णय घेतला, पांढरे निशाण वर चढले आणि डोम्ब्रोव्स्कींनी ते उतरवायला लावले, असे काही साक्षीदारांनी पुढे सांगितले. सुखार्स्कींचा धीर सुटला आणि त्या रात्रीपासून प्रत्यक्ष सूत्रे डोम्ब्रोव्स्कींकडे गेली, असेही म्हटले गेले. यातले बरेचसे सांगितले गेले ते लढाईनंतर पुष्कळ वर्षांनी. मतभेद मात्र खरा होता. एकाच्या लेखी हुकूम पाळून झाला होता आणि पुढचा प्रत्येक मृत्यू निष्कारण होता. दुसऱ्याच्या लेखी देश लढत असताना, हातात शस्त्र आणि काडतुसे असताना, ठाणे देता येत नव्हते.

पुढचे दिवस तोफांचे होते. 3 सप्टेंबरला ब्रिटन आणि फ्रान्स यांनी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, पण त्याने वेस्टरप्लाटेवरचा मारा कमी झाला नाही. समुद्राच्या बाजूने टॉर्पेडो बोट आणि सुरुंग काढणारी जहाजे गोळे टाकू लागली. डॉक्टर कॅप्टन मिएचिस्वाव्ह स्वाबी यांच्याकडे जखमींची संख्या वाढत गेली आणि औषधे जवळजवळ नव्हतीच. जखमा चिघळू लागल्या होत्या. 5 सप्टेंबरला सुखार्स्कींनी अधिकाऱ्यांपुढे शरणागतीचा प्रश्न पुन्हा मांडला. डोम्ब्रोव्स्कींनी पुन्हा विरोध केला. 6 तारखेला जर्मनांनी पेट्रोलने भरलेले रेल्वेचे डबे आत ढकलून झाडी पेटवण्याचा प्रयत्न केला. तो फसला. दरम्यान वेस्टरप्लाटे अजून लढत आहे, ही बातमी पोलिश रेडिओवरून देशभर जात होती. पोलिश सेना सगळ्याच आघाड्यांवर मागे रेटली जात असताना लोक त्या एका बातमीसाठी रेडिओजवळ बसत.

7 सप्टेंबरच्या पहाटे सर्वांत जोरदार मारा झाला. दोन नंबरची चौकी पडली. सकाळी दहानंतर सुखार्स्कींनी पांढरे निशाण वर करायला लावले. या वेळी ते कोणी उतरवले नाही. पंधरा-सोळा पोलिश सैनिक मरण पावले होते आणि पन्नासच्या आसपास जखमी झाले होते. बाहेर आलेली ओळ इतकी लहान असेल, हे जर्मनांना अपेक्षित नव्हते. सेनापती फ्रिडरिश एबरहार्ट यांनी सुखार्स्कींना त्यांची तलवार जवळ ठेवू दिली. हा मान सर्वांच्या वाट्याला आला नाही. बिनतारी यंत्रावर काम करणारे सार्जंट काझिमिएश राशिन्स्की यांना वेगळे काढले गेले. त्यांनी संकेतलिपी सांगितली नाही आणि त्यांना ठार मारण्यात आले.

दंतकथा आणि माणसे

पोलंडचे युद्ध वेस्टरप्लाटेबरोबर संपले नाही. 17 सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य शिरले. त्या पूर्व भागातून सोव्हिएत मुलखात हद्दपार केलेल्या कुटुंबांपैकी पाच हजारांच्या आसपास माणसे, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, पुढे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 या काळात राहिली. मराठी मुलखाने पाहिलेला पोलंड तो हा: त्याच सप्टेंबरमध्ये घर गमावलेला.

वेस्टरप्लाटेची दंतकथा मात्र लढाई चालू असतानाच तयार होऊ लागली. त्या सप्टेंबरातच कवी गाउचिन्स्की यांनी वेस्टरप्लाटेच्या सैनिकांवर कविता लिहिली. तिच्यात सगळे सैनिक रांगेने स्वर्गात जातात, आणि शेवटचा माणूस पडेपर्यंत ठाणे लढले ही समजूत लोकांच्या मनात घट्ट बसली. खरे तर दर दहांतले नऊहून अधिक जण जिवंत बाहेर आले होते. त्यांना हौतात्म्याच्या कथेत जागा नव्हती, आणि युद्धानंतरच्या कम्युनिस्ट राजवटीत मान नव्हता. युद्धपूर्व पोलंडचा अधिकारी असणे हाच नव्या सत्तेच्या लेखी संशयाचा मुद्दा होता. डॉक्टर स्वाबी यांना अटक झाली आणि 1948 मध्ये कैदेतच त्यांचा अंत झाला. डोम्ब्रोव्स्की नौदलात गेले, पण 1950 मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. क्षयाने पोखरलेला हा माणूस क्राकोवमध्ये वर्तमानपत्रांच्या टपरीत बसून पोट भरू लागला. 1956 नंतर वारे बदलले, त्यांना आपल्या आठवणी छापता आल्या, आणि 1962 मध्ये ते वारले. सुखार्स्की तर मायदेशी परतलेच नाहीत. कैदेतून सुटल्यावर ते इटलीतल्या पोलिश सैन्यात गेले आणि 1946 च्या ऑगस्टमध्ये नेपल्स इथे पोटाच्या आजाराने वारले. त्याआधी लेखक मेल्खिओर वान्कोविच यांनी त्यांच्याशी बोलून लढाईची हकिकत लिहून काढली. तीच पुढे लोकांची वेस्टरप्लाटेची पहिली सविस्तर ओळख ठरली. सुखार्स्कींचे अवशेष वेस्टरप्लाटेवर यायला 1971 उजाडले.

ठाण्याच्या जमिनीवरही सत्तेने आपला ठसा उमटवला. मृतांच्या स्मरणार्थ उभारलेला क्रूस 1962 मध्ये हटवून तिथे सोव्हिएत बनावटीचा रणगाडा ठेवला गेला. 1981 मध्ये, ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार चळवळीच्या दिवसांत, क्रूस परत आला.

दोन चित्रपट

या पार्श्वभूमीवर 1967 मध्ये स्तानिस्वाव्ह रुझेविच यांचा ‘वेस्टरप्लाटे’ हा कृष्णधवल चित्रपट आला. ग्दान्स्कशी या दिग्दर्शकाचे नाते जुने. टपाल कचेरीच्या लढाईवर त्यांनी 1958 मध्येच ‘मुक्त शहर’ हा चित्रपट केला होता. ‘वेस्टरप्लाटे’ची पटकथा यान युझेफ श्चेपान्स्की यांची, सुखार्स्कींच्या भूमिकेत झिग्मुंट ह्यूब्नर आणि डोम्ब्रोव्स्कींच्या भूमिकेत आर्कादिउश बाझाक. मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याला रौप्य पारितोषिक मिळाले.

या चित्रपटाचे बळ त्याच्या संयमात आहे. रुझेविच यांनी वार्तापटासारखी कोरडी, नेमकी शैली निवडली. दोन अधिकाऱ्यांमधला तणाव त्यांनी लपवला नाही, आणि त्यातल्या एकाला नायक व दुसऱ्याला भ्याडही केले नाही. त्यांचे सुखार्स्की हे हिशेब मांडणारे अधिकारी आहेत. आपल्या माणसांच्या जिवांचा हिशेब. लष्करी वीरकथांची मागणी असलेल्या काळात, सरकारी पैशाने चालणाऱ्या चित्रसृष्टीत, शरण जाण्याचा विचार करणारा सेनाधिकारी सन्मानाने पडद्यावर आणणे हे धाडसाचे काम होते.

2013 मध्ये पावेऊ खोखलेव्ह यांचा ‘वेस्टरप्लाटेचे रहस्य’ आला. मिखाऊ झेब्रोव्स्की यात सुखार्स्की झाले. चित्रपटाच्या कितीतरी आधी, 2008 मध्येच, पटकथेवरून रान उठले होते. दारू पिणारे, घाबरलेले, आपसांत भांडणारे सैनिक दाखवून राष्ट्राच्या वीरांची बदनामी केली जात आहे, असा आरोप झाला. प्रकरण सरकारपर्यंत गेले, पैशांची अडचण झाली, चित्रीकरण लांबले. 2 सप्टेंबरच्या बॉम्बफेकीनंतर सुखार्स्की कोलमडतात आणि सूत्रे डोम्ब्रोव्स्कींकडे जातात, ही बाजू या चित्रपटाने उघडपणे घेतली. जिवंत राहिलेल्या शेवटच्या सैनिकाने, इग्नाची स्कोव्रोन यांनी, 2012 मध्ये वयाच्या 97 व्या वर्षी जगाचा निरोप घेतला होता. चित्रपट पाहून हो किंवा नाही म्हणणारा आता कोणी उरला नव्हता.

पहिला चित्रपट मला अधिक सच्चा वाटतो, आणि त्याचे कारण दुसऱ्याने भय दाखवले हे नाही. साठ विमानांखाली सापडलेल्या माणसाला भय वाटणारच. ते दाखवायलाच हवे. पण एकाचे भय आणि दुसऱ्याचे धैर्य अशी वाटणी केली की त्या तळघरातला खरा प्रश्न हरवतो. हुकुमाची मुदत संपल्यावर सैनिकाचे कर्तव्य काय उरते, हा तो प्रश्न. 1 सप्टेंबरच्या संध्याकाळनंतर या दोघांना सांगायला वर कोणीच नव्हते. उत्तर त्यांचे त्यांनाच शोधायचे होते.

डोम्ब्रोव्स्कींच्या आग्रहामुळे आणखी पाच दिवस मिळाले. लष्करी नकाशावर त्या पाच दिवसांनी फारसे काही बदलले नाही, पण हरत असलेल्या देशाला ताठ मानेने सांगण्यासारखी एक गोष्ट मिळाली, आणि पुढच्या सहा वर्षांच्या जर्मन अमलात ती कामाला आली. सुखार्स्कींच्या निर्णयामुळे दोनशेच्या आसपास माणसे जिवंत राहिली. त्यांचेही मोल मोजायला हवे, कारण ती माणसे होती. त्यांना कविता झाल्याशिवायही जगण्याचा हक्क होता. 1987 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी वेस्टरप्लाटेवर जमलेल्या तरुणांना सांगितले की, प्रत्येकाच्या आयुष्यात त्याचे स्वतःचे एक वेस्टरप्लाटे येते, सोडून पळता न येणारे कर्तव्य. त्या वाक्याचा अर्थ बहुधा फक्त तग धरण्याशी जोडला जातो. सुखार्स्कींनी पार पाडलेले कर्तव्यही त्यात मोजले पाहिजे. सगळा देश रेडिओला कान लावून बसलेला असताना पांढरे निशाण चढवायला लावणे आणि त्याचा दोष आयुष्यभर एकट्याने वाहणे, हेही पळून न जाणेच होते.

2019 मध्ये ग्दान्स्कच्या दुसऱ्या महायुद्ध संग्रहालयाच्या उत्खननात वेस्टरप्लाटेवर पडलेल्या सैनिकांचे अवशेष सापडले. तपासणीनंतर 2022 मध्ये त्यांना तिथल्या नव्या स्मशानभूमीत लष्करी इतमामाने मूठमाती देण्यात आली. त्यांचे ऋण मोठे आहे. पण वेस्टरप्लाटेच्या इतिहासाला न्याय द्यायचा असेल, तर मृत पंधरा-सोळा जणांइतकाच जिवंत बाहेर आलेल्या दोनशेच्या आसपास जणांचाही तो आहे, हे मान्य करावे लागेल. सात दिवस लढायला लावणारा अधिकारी आणि सातव्या दिवशी थांबायला लावणारा अधिकारी, दोघेही त्या ठाण्याचे रक्षकच होते.